नारळांची पालकसभा

माझी बायको चंद्रावती मुख्याध्यापिका झाली ती अभ्यास करून झाली, असं ती म्हणते. गाव म्हणतो, गावदेवी सातेरीने केली. दोघांचंही खरं आहे, आणि सगळा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडल्यामुळे तो सांगायचा हक्क माझा आहे.

मी कृष्णनाथ शेट्ये. पेडण्याहून मोरजीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा गाव आणि गावच्या तिठ्यावर माझं किराणा दुकान, ज्याला लोक पसरो म्हणतात. दुकानदाराला दोन गोष्टी आयुष्यभर फुकट मिळतात, गावच्या बातम्या आणि लोकांचे सल्ले. बातम्या मी ठेवून घेतो, सल्ले गिऱ्हाइकाबरोबर परत पाठवतो. चंद्रावतीचं उलटं आहे. कुणी काही सांगितलं की ते खरं का खोटं हे पुस्तकात बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

ती मूळची नार्व्याची. सप्तकोटेश्वराच्या देवळापासून हाकेवर तिचं माहेर, नदीकाठी शेती. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, तुमच्या गावात हायस्कूल आहे का. दुकान कसं चालतं, घराला खोल्या किती, हे सगळं तिच्या वडिलांनी विचारलं. ही बाई माझ्याशी नव्हे, शाळेशी लग्न करते आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. लग्नानंतर पहिल्याच जूनमध्ये ती शाळेत भूगोल शिकवायला लागली. चढउताराच्या रेषा शिकवायच्या म्हणून पोरांना डोंगरावर न्यायची आणि भरती-ओहोटी शिकवायची म्हणून मोरजीच्या किनाऱ्यावर. परतताना पोरांच्या खिशांत शिंपले आणि चपलांत वाळू, आणि आयाबाया माझ्या दुकानात येऊन तक्रार करणार. मी सांगायचो, ज्ञान आहे ते, झटकू नका.

गोवा राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती त्या काळातली ही गोष्ट. पेडण्यात रेल्वेचा बोगदा खणत होते आणि रस्त्यावर मातीचे ट्रक धावत होते. आमचे मुख्याध्यापक महादेव सर पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या पाठोपाठ शाळेत सगळ्यात जुनी चंद्रावती. नियमाप्रमाणे तिचा हक्क पहिला. पण प्रत्येक नियमाला एक मागचं दार असतं. ह्या नियमाचं दार म्हणजे योग्यता, आणि त्या दारात बाबलीभाऊ आपल्या पुतण्याला घेऊन उभे होते.

बाबलीभाऊ शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि गावचे पहिले मानकरी. शाळेची जमीन त्यांच्याच आजोबांनी दिलेली. माणूस वाईट नव्हे. अडल्या-नडल्याला उभा राहणारा, फक्त आपलंच खरं असं जन्मापासून ऐकत आलेला. त्यांचा पुतण्या प्रज्योत म्हापशाच्या एका शाळेत शिक्षक होता आणि त्याने शालेय व्यवस्थापनाची पदविका घेतली होती. बाबलीभाऊंनी माझ्या दुकानात सोडा पिता पिता सांगून टाकलं.

"कृष्णनाथा, तुजी बायल शिकयता बरा. पण हेडमास्तर म्हणजे कारभार. त्येका येगळा शिक्षण लागता. माझ्या पुतण्यान ता केलेला आसा."

ह्यात काही खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. घरी येऊन मी हे सांगितलं ते तिला वाईट वाटेल म्हणून घाबरत घाबरत. तिला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, "मगे ता शिक्षण माका घेवक कोणी धरून ठेयलाहा?"

अशी ती चाळिशी ओलांडून पुन्हा विद्यार्थिनी झाली. मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम होता. बी.एड. झालेल्या आणि काही वर्षं फळ्यापुढे घालवलेल्या शिक्षकांना शाळा चालवायला शिकवणारा. पुस्तकं टपालाने घरी यायची आणि रविवारी सावंतवाडीच्या एका कॉलेजात तास व्हायचे. रविवारी पहिल्या बसने ती निघायची. बांद्याच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या पिशव्या तपासतात, दारूसाठी. पहिल्या रविवारी तिथल्या शिपायाने तिची जड पिशवी दाबून बघितली, चेहऱ्यावर सापडल्याचा आनंद आणला आणि उघडली, तर आत शैक्षणिक प्रशासनाचे चार ग्रंथ. बिचाऱ्याचा एवढा विरस झाला की तिने त्याला डब्यातला लाडू दिला. त्यानंतर तो दर रविवारी खिडकीशी येऊन विचारायचा, "बाई, आज कसला पाठ?" ती सांगायची, आज अंदाजपत्रक, आज पर्यवेक्षण. बसमधली बाकीची माणसं ह्या संभाषणाकडे आ वासून बघायची.

घरात मात्र ह्या पदविकेचे प्रयोग माझ्यावर झाले. आमची मुलगी गौरवी तेव्हा नववीत. पहाटे दोघी एकाच मेजावर अभ्यासाला बसायच्या आणि पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यायला मला बाहेर पिटाळायच्या. पुस्तकात नेतृत्वाचे प्रकार दिले होते. हुकूमशहा, लोकशाहीवादी आणि सगळं सोडून देणारा. मी दुकान चालवतो तो तिसरा प्रकार, असा निर्णय आई-मुलीने एकमताने दिला. मग अधिकारप्रदान नावाचा धडा आला. वरिष्ठाने सगळं आपल्याच हातात ठेवू नये, खालच्याला जबाबदारी द्यावी, असा त्याचा मथितार्थ. त्याप्रमाणे रविवारचं बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, माझ्याकडे आलं. मी त्यात तिरफळं इतकी घातली की तिघांच्या जिभा संध्याकाळपर्यंत बधीर. चंद्रावती काही रागावली नाही. पुढचा धडा नियंत्रणाचा होता.

मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. दिवसभर शाळा, घरी स्वयंपाक, आणि तरी ती पुस्तकापुढे बसली की चेहरा कॉलेजातल्या पोरीसारखा उजळायचा. इतकी वर्षं संसार करून तो चेहरा मी पहिल्यांदा बघत होतो. खरं सांगतो, मी तिच्या पुन्हा प्रेमात पडलो.

अभ्यासक्रमात नुसती परीक्षा नव्हती, प्रत्यक्ष कामही होतं. शाळेची एखादी अडचण निवडायची, पालकांची सभा भरवायची, तीत निर्णय करून घ्यायचा. हे बघायला सावंतवाडीहून परीक्षक येणार. चंद्रावतीने अडचण निवडली ती आमच्या पेडण्यातलीच. फेब्रुवारीपासून काजू पिकतो. बोंडू, म्हणजे काजूची फळं, सकाळी सकाळी झाडाखालून गोळा करायचे असतात, नाहीतर उन्हाने सुकतात. म्हणून पोरं पहाटेच आईबापाबरोबर डोंगरावर जातात आणि सकाळची शाळा बुडते. नेमकी वार्षिक परीक्षा तोंडावर असताना वर्ग अर्धे रिकामे. दरवर्षी शिक्षक पोरांना ओरडतात, पोरं मान खाली घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगरावर.

रंगीत तालीम म्हणून तिने नोव्हेंबरात एक सभा घेतली. सगळं पुस्तकाप्रमाणे. मुलांच्या हाती छापील सूचना धाडल्या, आठवीचे पालक इकडे, नववीचे तिकडे अशी बाकं लावली, पुढे मेज, मेजावर फुलदाणी. आले मोजके, तेही पोराने काही खोड काढली असेल म्हणून घाबरून आलेले. चंद्रावतीने विचारलं, "तुमच्या काही सूचना? काही मतं?" सगळे एकमेकांकडे बघत बसले. शेवटी एकाने चहा आहे का ते विचारलं. सभा संपली, आणि तीच माणसं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून शाळेबद्दल घटकाभर बोलली. मुलींच्या मुतारीला दार नाही, नळाला पाणी नाही, काजूच्या वेळी शाळा उशिरा भरवली तर काय बिघडतं. मी कपाळावर हात मारला. हे तिथे शाळेत का नाही बोललात, असं विचारलं तर एकजण म्हणाला, "थंय कसा बोलूचा? थंय सभा होती."

बाबलीभाऊ त्या सभेला येऊन मागे बसले होते. जाताना माझ्याशी बोलले ते मला लागलं.

"बघलंस मा? पदविका येतली, पण लोक बाईमाणसाचा आयकणत नाय. शाळा चलवची म्हणजे गाव चलवचो. आमी फेब्रुवारीच्या अखेरीक समितीत बसतलो आणि ठरयतलो."

समितीत पाच माणसं, त्यातली तीन भाऊंच्या शब्दाबाहेर नाहीत. काय ठरणार हे उघड होतं. त्या दिवशी चंद्रावती पहिल्यांदा खचली. चुलीपुढे बसून म्हणाली, "माका मोठी खुर्ची कित्याक व्हयी ता लोकांक वाटता मानाक. माका ती पोरां व्हयी. एक हुकूम काढलो तर काजीच्या दिवसांत शाळा उशिरा भरता. तो हुकूम काढूचो हात माझो नाय, म्हणून दरवर्सा धा-बारा पोरां दहावी सोडतत." मला समजूत घालता येत नाही. मी तिला चहा करून दिला आणि साखर विसरलो.

परीक्षक यायचा दिवस ठरला, फेब्रुवारीतला रविवार, समितीच्या बैठकीच्या आधीचा. ह्या वेळी छापील सूचनांवर विसंबायचं नाही असं तिने ठरवलं आणि ती धाकूमामाकडे गेली. धाकूमामा म्हणजे सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. गावातलं कुठलंही शुभकार्य असो, नारळ ठेवून देवीला सगळ्यांच्या वतीने विनवायचं काम त्याचं. त्याने एकेक मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. आवाज असा की देवळात बोलला तर माझ्या दुकानातल्या बरण्या ऐकतात. चंद्रावतीने त्याला सांगितलं, सोमवारच्या आरतीनंतर लोकांना जरा सांगा, रविवारी शाळेत या. धाकूमामाने सांगितलं. पण त्याला सांगायची एकच रीत ठाऊक. देवळाच्या खांबाला टेकून तो गरजला, "गावच्या समेस्तांनी आयतवारी शाळेत जमूचा. चंद्रावतीबायन बोलावणा केलाहा. कोणी चुकूचा नाय."

आता आमच्या गावात देवळाच्या खांबाकडून असं बोलावणं आलं की कशासाठी, असं कोणी विचारत नाही. आंघोळ करायची, नारळ घ्यायचा आणि जायचं.

रविवारी दुपारी मी आणि चंद्रावती शाळेत उभे. आमचं सभागृह म्हणजे दोन वर्गांमधल्या लाकडी फळ्या काढल्या की होणारी लांबट खोली. परीक्षक तेंडोलकर सर वेळेवर आले, चष्मा पुसून कोपऱ्यात बसले. आणि मग माणसं यायला लागली. पायऱ्यांखाली चपला काढून, पाय धुऊन, बायका डोक्यावर पदर घेऊन. प्रत्येक घरचा माणूस पुढे जायचा, मेजावर नारळ ठेवायचा, नमस्कार करायचा आणि खाली बसायचा. बाकांवर कोणीच बसेना, कारण देवासमोर उंच बसत नाहीत. बाकं बाहेर काढावी लागली. खोली भरली, जनेलांच्या गजांबाहेर माणसं उभी राहिली, मेजावरची फुलदाणी नारळांच्या ढिगात नाहीशी झाली. काय घोटाळा झालाय तो माझ्या ध्यानात आला. लोक सभेला नव्हे, गाऱ्हाण्याला आले होते.

तेंडोलकर सरांनी नारळांकडे बघत हळूच विचारलं, "बाई, हे काय?"

चंद्रावतीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "सर, हा पालकांचा सहभाग," ती म्हणाली.

तिने कागद हातात घेतला आणि सुरू केलं, "आजच्या सभेचा पहिला विषय." कोणी तिच्याकडे बघेचना. सगळे धाकूमामाकडे बघत होते, आणि पुढच्या रांगेत उजवीकडे बसलेल्या बाबलीभाऊंकडे. कारण पहिल्या मानकऱ्याने हुंकार दिल्याशिवाय बाकीचे देत नाहीत. धाकूमामा आपल्या परीने कुजबुजला, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

"बाय, नारळ ठेयले. गाऱ्हाणा नाय घातला तर लोक घराक कशे जातले?"

चंद्रावतीने कागदाकडे बघितलं, परीक्षकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले, तेवढीच मदत मला शक्य होती. उघडले तेव्हा तिने कागद नारळांखाली सरकवला होता.

"घाला मामा," ती म्हणाली. "पण शाळेचं घाला."

धाकूमामाने हात जोडले.

"हे आई सातेरी माये, चारय सीमांचे राखणदारणी."

बाबलीभाऊंनी डोळे मिटले, छाती भरून घेतली. "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्या मागून सगळी खोली, "व्हय म्हाराजा!" तेंडोलकर सरांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"आज तुजी लेकरां ह्या शाळेत जमली आसत. जाणतेपणी, नेणतेपणी काय चुकला आसात तर पदराखाली घी."

"व्हय म्हाराजा!"

"काजीच्या दिवसांत पोरां डोंगरार जातत, शाळा चुकतत, परीक्षेक बसान नापास जातत. त्येंका शाळेत येवची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा!"

"थांबा मामा," चंद्रावती म्हणाली. गाऱ्हाणं मध्ये कोणी थांबवलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. खोलीतली सगळी डोकी वर झाली. ती शाळेतलं मराठी विसरून गावच्या बोलीत बोलायला लागली. "बुद्धी पोरांक आसा. येळ नाय. सकाळी काजी पुंजावच्यो आणि सकाळीच शाळा. त्या दिवसांत शाळा धा वाजता भरली, तर पोरांक धाडतल्यात?"

मग मागून एका बाईचा आवाज आला, "धाडतलंय." दुसरी म्हणाली, "माझी दोगां येतली." धाकूमामा मुरलेला माणूस. त्याने लगेच धागा उचलला.

"तशी परवानगी वयल्या सायबांकडसून मिळांदी रे माये!"

"व्हय म्हाराजा!"

"परवानगी मागूचा काम शाळेचा," चंद्रावती म्हणाली. "पण पोरां डोंगरावयल्यान सरळ शाळेत येवक व्हयी. दर वाड्यातल्या एकान त्येंका घेवन येवचा. कोण येतलो, हात वर करा." हात वर झाले. तिने नावं विचारली आणि फळ्यावर लिहिली.

मग तिला सूर सापडला. धाकूमामाने देवीकडे मुलींच्या मुतारीच्या दाराचं मागणं घातलं, तेव्हा सगुण सुतार 'व्हय म्हाराजा' म्हणता म्हणताच थांबला आणि म्हणाला, "दाराक देवी कित्याक? मी बसयतंय दार." पाण्याचं निघालं तेव्हा विहिरीवरून पाइप टाकायला चौघे तयार झाले. नोव्हेंबरात ह्याच लोकांना मत विचारलं होतं, आणि मत हा प्रकार त्यांच्याकडे कधी कोणी मागितलाच नव्हता, तो कुठून काढून द्यायचा हे त्यांना कळलं नाही. मागणं मात्र ते पाळण्यात असल्यापासून मागत आले आहेत. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. ही माझी बायको, जी काल रात्रीपर्यंत 'सभा फसली तर' म्हणून जेवत नव्हती, ती अख्ख्या गावाला हाताला धरून चालवत होती.

आता गाऱ्हाण्याचा शेवट एका गोष्टीशिवाय होत नाही. ज्याने बोलावणं केलं त्याच्यासाठी काहीतरी मागायचंच, अशी रीत आहे. धाकूमामाने पुन्हा हात जोडले. आवाज चढवला.

"आणि माये, जिणां ह्या बोलावणा केल्यान ती ही तुजी लेक. नार्व्यासून ह्या गावात इली, आमच्या पोरांक शिकयल्यान. तिच्या मनात काय आसा ता तुका म्हायत आसा. तिका ह्या शाळेच्या हेडमास्तराच्या कदेलार बसय. आड कोण येत आसात तर त्येका त्येच्या वाटेन व्हर. आणि ह्या कामाक पयलो हात आमच्या पयल्या मानकऱ्याचो लागांदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबलीभाऊ गरजले. डोळे मिटलेले, हात जोडलेले, लहानपणापासूनची सवय. त्यांच्या मागून सगळी खोली गरजली, जनेलाबाहेरचेही. मी एकटा तेवढा रडत होतो. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

बाबलीभाऊंनी आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. तोंड पुढे निघून गेलं होतं आणि डोकं धापा टाकत मागून येत होतं. मागल्या बायकांत कोणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू खोलीभर पसरलं. समितीतली ती भाऊंची तीन माणसं जमिनीकडे बघत होती. तीही आत्ताच 'व्हय म्हाराजा' म्हणाली होती.

तेंडोलकर सरांनी मला जवळ बोलावलं. "शेट्ये, आत्ता शेवटी काय मंजूर झालं?"

"मुख्याध्यापिका," मी म्हटलं.

"पण हे विषयपत्रिकेत नव्हतं."

"नारळांखाली गेली ती, सर."

नारळ फुटले, खोबरं आणि गूळ वाटला. तेंडोलकर सरांनी दोनदा घेतलं आणि घरी न्यायला एक अख्खा नारळ मागून घेतला. धाकूमामाला मी बाजूला घेऊन विचारलं की हे मुद्दाम केलंस का. तो म्हणाला, तोंडात जे येतं ते देवी घालते, मला विचारू नको. पण हे बोलताना त्याच्या मिशा हलत होत्या.

बाबलीभाऊ पायरीवर चपला शोधत होते. चंद्रावती त्यांच्यामागून गेली, आणि मला वाटलं, आता ही आभार मानणार. ती म्हणाली ते वेगळंच.

"भाऊ, एक सांगतंय. गाऱ्हाण्यात सवयीन तोंडातसून गेला म्हणून मी तुमका धरून ठेवचंय नाय. देवीचा नाव पुढे करून माका खुर्ची नको. तुमच्या मनात नसात तर समितीत तसा सांगा. मी कोणाक काय बोलूचंय नाय."

मिळालेलं कोणी असं परत करतं का? दुकानदाराला हे पटणं शक्य नाही. भाऊंना हवी होती ती पळवाट तिने स्वतःच्या हाताने उघडून दिली होती. भाऊ एक चप्पल पायात आणि एक हातात असे उभे होते. आत माणसं अजून गूळखोबरं खात होती, फळ्यावरची नावं वाचून एकमेकांना चिडवत होती. भाऊ तिकडे बघत होते.

"चुकान बोललंय, खरा," ते म्हणाले. "पण चुकीचा नाय बोललंय. इतके लोक ह्या शाळेत माझ्या बोलावण्यान कदी इले नाय गो बाय."

त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि गेले. समितीच्या बैठकीत चंद्रावतीचं नाव त्यांनीच मांडलं. मागाहून कळलं की प्रज्योतला म्हापसा सोडायचंच नव्हतं, काकांना नाही कसं म्हणावं ह्या काळजीने तो झुरत होता. पेढे घेऊन पहिला तोच आला.

सभेच्या त्या दिवशी आम्ही शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, घरी चाललो होतो. वाटेत चंद्रावती मध्येच थांबली आणि हसायला लागली. इतकी हसली की मला तिचा हात धरावा लागला. "अहो," ती म्हणाली, "पण माझो निकाल जूनात आसा. नापास झालंय तर?" मी म्हटलं, नापास कशी होशील, परीक्षक नारळ घेऊन गेलाय. ती पहिल्या वर्गात पास झाली, हे वेगळं सांगायला नको. काजूच्या दिवसांत शाळा दहाला भरायची परवानगी मात्र पुढच्या वर्षी आली, आणि त्या मार्चमध्ये एकाही वर्गात रिकामं बाक नव्हतं. सगळ्या शाळेला बोंडवांचा वास यायचा.

पण मला सगळ्यात आठवतो तो तिचा पहिला दिवस. जून महिना, शाळेच्या फाटकाशी ती छत्री घेऊन उभी, आणि मी काहीतरी निमित्त काढून तिथेच रेंगाळलेला. बाबलीभाऊ आपल्या नातीला, कोमलला, आठवीत घालायला स्वतः घेऊन आले. पोरगी बुजून त्यांच्या मागे लपत होती. भाऊंनी तिला हाताला धरून पुढे केली.

"ही तुजी हेडबाय," ते म्हणाले. "हिचा आयकूचा. आमी सगळी आयकतो."

चंद्रावतीने कोमलचा हात धरला आणि दोघी पावसातून वर्गाकडे गेल्या.